सतरा नंबरचं अंडं

१

रुक्मिणीताईंनी अंडं मांडीवर घेतलं, दोन्ही तळवे त्यावरून सावकाश फिरवले आणि थोड्या वेळाने शांतपणे म्हणाल्या, "कुंदाताई, हे ते अंडं नाही."

अंधेरीतल्या अंधमित्र मंडळाच्या त्या छोट्या हॉलमध्ये पंचवीसेक माणसं बसली होती. डॉ. कुंदा धुरी दर फेब्रुवारीत इथे येत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या काठावरच्या वाळूत एका डायनोसॉरने घातलेलं अंडं, कालांतराने पार दगड झालेलं, त्या पेटीतून काढत आणि एकेकाच्या हातात देत. 'बघू नका, हात लावा,' हे त्यांचं वाक्य मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या शाळांना पाठ होतं. तीस वर्षांत आठशेच्या वर कार्यक्रम झाले असतील. गिरणीत काम करणाऱ्या कोकणातल्या माणसाची ही मुलगी. विद्यापीठातल्या मोठ्या शोधांमध्ये तिचं नाव फारसं नव्हतं. पण उपनगरातल्या हजारो मुलांनी आयुष्यात एकदा डायनोसॉरला हात लावला होता, तो तिच्यामुळे.

"ते नाही म्हणजे?" कुंदाताईंनी हसून विचारलं.

"गेल्या वर्षीचं मांडीवर घेतलं तेव्हा मांडी गार पडली होती. बराच वेळ गारच होती. हे दोन मिनिटांत माझ्याइतकं ऊबदार झालं." रुक्मिणीताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. पस्तीस वर्षं स्विचबोर्डवर बसलेल्या बाईला आपलं म्हणणं कमीत कमी शब्दांत सांगायची सवय असते. "वरचे दाणे आहेत, पण दाण्यांमधल्या खाचा भरल्यात. कुणीतरी रंगाचा हात दिलाय. आणि ही रेघ बघा. नंबराच्या खालून निघते, पार तळापर्यंत जाते. ही तेव्हा नव्हती."

कुंदाताईंनी अंडं हातात घेतलं. वजन तेच, रंग तोच. पांढऱ्या ठिपक्यावर त्यांच्याच अक्षरातला १७ हा आकडा. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि रुक्मिणीताईंसारखा अंगठा फिरवला. नंबराच्या खाली केसाएवढी रेघ लागली.

कार्यक्रम त्यांनी कसाबसा पुरा केला. मुलुंडला घरी पोचल्यावर अंडं ओट्यावर ठेवलं आणि तळाच्या बाजूला नखाने थोडा रंग खरवडून लिंबाचा एक थेंब सोडला. अस्सल अंड्याच्या कवचात चुनखडी असते. आंबट लागलं की ती फसफसते. थेंब नुसताच ओघळून गेला. फ्रिजवरचं लोहचुंबक जवळ नेलं, तर ते टपकन चिकटलं.

प्लॅस्टर, आणि आत लोखंडाचा कीस.

त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. चार किलो आठशे पन्नास. नोंदवहीत १९९३ साली त्यांनी स्वतः लिहिलेलं वजन तेच होतं. ज्याने हे केलं, त्याने पाच ग्रॅमचीही चूक केली नव्हती.

अंडं त्यांच्या मालकीचं नव्हतं. नागपूरच्या एका संस्थेने ते पार्ल्यातल्या कॉलेजला आणि कुंदाताईंच्या नावावर उसनं दिलं होतं. आणि संस्थेची तपासणी समिती गुरुवारी यायची होती. आज रविवार होता.

२

"मॅडम, मी तुम्हाला सांगत होतो," अनिरुद्ध म्हणाला आणि म्हटल्याबरोबर त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

सोमवारी सकाळी कुंदाताई पार्ल्याच्या कॉलेजात त्याच्यासमोर बसल्या होत्या. अनिरुद्ध त्यांचा विद्यार्थी, आता भूशास्त्र विभागाचा प्रमुख. अंडं विभागाच्या कपाटात राही आणि कपाटाच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे होती. दुसरी शिपाई खंडूकडे.

"काय सांगत होतास?"

"की ते काचेत ठेवू. तीस वर्षं हजारो हात लागलेत त्याला."

"एवढंच?"

अनिरुद्धने टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "नाही. मी संस्थेला पत्रही लिहिलंय. डिसेंबरमध्ये. म्हणून तर समिती येतेय. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही."

कुंदाताईंना हे नवीन होतं आणि ते लागलंही. पाठीमागून पत्र लिहिणारा माणूस पाठीमागून अंडंही हलवू शकतो, असा विचार मनात येऊन गेला. याच पोराला त्यांनी मध्य प्रदेशात धारच्या उन्हात हातोडी कशी धरायची ते शिकवलं होतं.

"तू ते शेवटचं कधी बघितलंस?"

"नोव्हेंबरात. सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले. अठ्ठेचाळीस." त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "तुम्हीच बघा ना."

त्यांनी एकेक फोटो मोठा करून बघितला. नंबराखाली रेघ नव्हती. फोटो अस्सल अंड्याचे होते, कवचावरची छिद्रं स्पष्ट दिसत होती. अनिरुद्ध बिनधास्त स्क्रीनकडे बोट दाखवत होता. स्वतःच अंडं पळवणारा माणूस त्याचे अठ्ठेचाळीस पुरावे पुढे करत नाही.

पण फोटोंमुळे दुसरीच गोष्ट पुढे आली. साचा अस्सल अंड्यावरूनच घेतलेला होता, कारण एकेक दाणा जागच्या जागी होता. मग रेघही अस्सल अंड्यावरची. म्हणजे सतरा नंबरला नोव्हेंबरनंतर तडा गेला होता. आणि नोव्हेंबरनंतर ते फक्त कुंदाताईंच्या कार्यक्रमांसाठीच बाहेर पडलं होतं.

३

विद्याधर सामंत पार्ल्याच्या स्टेशनपासून पाच मिनिटांवर राहत. औषधांच्या कंपनीतली मोठी नोकरी संपल्यावर त्यांनी दगड आणि जीवाश्म जमवायला घेतले होते. त्यांनी कुंदाताईंकडे दोनदा अंडं मागितलं होतं आणि दोन्ही वेळा नकार हसत पचवला होता.

"म्हणजे संशय माझ्यावर," ते म्हणाले. राग आल्याचं दिसलं नाही. उलट जरा खूश झाल्यासारखे वाटले. "बसा. चहा घेणार ना? द्या बघू ते."

त्यांनी प्लॅस्टरचं अंडं दोन्ही हातांनी तोललं, खिडकीशी नेऊन भिंगातून बघितलं.

"कुंदाताई, माझ्यासारख्याला फसवायचं असेल, तर वजन जुळवायची गरज नाही. मी डोळ्यांनी बघणारा माणूस, भिंगाने बघणारा. भिंगाला हे पहिल्या मिनिटात कळलं. वरून रंग कसातरीच दिलाय, खाचा भरल्यात. पण तोल बघा. कीस नुसता ओतलेला नाही, थर देऊन बसवलाय. हातात घेतल्यावर कुठेही कलत नाही. ज्याने केलं त्याला डोळ्यांची भीती नव्हती. हाताची होती."

दूरचं बघण्याचा चष्मा नाकावर ठेवून जवळच्या वस्तूंकडे दुर्लक्ष करणाऱ्या, पण अंडं तीस वर्षं हातांनी उचलणाऱ्या एकाच माणसाचं हे वर्णन होतं: कुंदाताईंचं स्वतःचं.

"आणि असं वजन बसवणारा माणूस मला माहीत आहे," विद्याधर म्हणाले. "साकीनाक्याचा हर्षद. मॉलमधले डायनोसॉर तोच करतो. माझ्या दगडांची स्टँड त्यानेच केलीत. तळाला लोखंडाचा कीस घालून, म्हणजे कलंडत नाहीत."

हर्षदचा गाळा साकीनाक्याच्या मागच्या गल्लीत, दोन लेथ मशीनच्या दुकानांच्या मध्ये होता. दारात फायबरचा एक हिरवा प्राणी मान नसलेल्या अवस्थेत उभा होता. कुंदाताईंना बघताच हर्षद ब्रश खाली ठेवून उभा राहिला.

"मॅडम, तुम्ही? मी तुम्हाला ओळखतो. असल्फाच्या शाळेत आला होता तुम्ही, मी सातवीत होतो. ते अंडं हातात घेतलं आणि घरी येऊन मातीचं केलं. तेव्हापासून हेच चालू आहे." त्याने मान नसलेल्या प्राण्याकडे हात केला.

कुंदाताईंनी पिशवीतून अंडं काढलं. हर्षदचं हसू थांबलं.

"हे तू केलंस?"

"गाळा माझा. हात माझा नाय."

"मग कोणाचा?"

"ते नका विचारू मॅडम. शब्द दिलाय."

"हर्षद, गुरुवारी समिती येतेय. खरं अंडं मिळालं नाही, तर चोरीची तक्रार होईल आणि ती माझ्या नावावर होईल."

तो हातावरचा रंग पुसत राहिला. "चोरी नाय झाली," तो शेवटी म्हणाला. "एवढं सांगतो. तीन दिवस बसून साचा घेतला त्यांनी. तड्यावर आधी बारीक माती भरली, रबर आत जायला नको म्हणून. लहान पोराला औषध लावावं तसं. मला म्हणाले, वजन एक ग्रॅम इकडेतिकडे नको. त्यांच्या हाताला फरक कळता कामा नये."

"त्यांच्या म्हणाले?"

"हो. तुमच्याबद्दलच बोलत होते ना."

४

अंडं पळवणारा माणूस त्यांच्याविषयी आदराने बोलत होता. रिक्षात बसल्यावर कुंदाताईंच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं.

तड्यात माती भरून मगच साचा घ्यायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. ते प्रयोगशाळेतलं हातकाम. त्या पुन्हा पार्ल्याला गेल्या आणि खंडूकडून कपाटाची नोंदवही मागून घेतली. जानेवारीच्या पानावर बोट ठेवून वाचलं. अंडं बाहेर गेल्याची तारीख दहा जानेवारी, शनिवार. कार्यक्रम अकराला, घाटकोपरच्या वाचनालयात. परत आल्याची तारीख एकोणीस.

"खंडू, हे बाराला यायला हवं होतं."

"रतनदादा म्हणाले, मॅडमकडे काम आहे, आठवडा लागेल. त्यांच्यावर काय शंका घ्यायची, मॅडम?"

खरं होतं ते. रतन वानखडे चौतीस वर्षं या विभागात होता. दगडातून हाडं मोकळी करणारा माणूस. सुईने, ब्रशने, एकेका कणाने. अमरावतीकडून आला तेव्हा विशीतला होता. सतरा नंबरचं अंडं खडकातून सोडवायला त्याला अकरा महिने लागले होते. गेल्या जूनमध्ये निवृत्त झाल्यावरही कुंदाताईंच्या प्रत्येक कार्यक्रमाला पेटी घेऊन यायचा. काल पहिल्यांदाच आला नव्हता. अंगात कणकण आहे, असा फोन होता.

कुंदाताई खंडूच्या स्टुलावर बसल्या. रतनने चोरी केली असेल हे त्यांच्या मनाला शिवत नव्हतं. पण त्याच्या हातून अंडं पडलं असेल, आणि तो घाबरला असेल? हे शक्य होतं. अकरा जानेवारीचा दिवस त्यांनी क्रमाने आठवायला घेतला. वाचनालयातली गर्दी. आभार प्रदर्शन. पायऱ्या. रतन रिक्षा थांबवायला पुढे गेला होता.

आणि पेटी?

पेटी त्यांच्या स्वतःच्या उजव्या हातात होती. त्या हाताची पकड गेल्या दिवाळीपासून मधूनच सुटायची. कपबशी, किल्ल्या, एकदा दुधाचं पातेलं. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या पायरीवर पट्टा बोटांतून निसटला होता, पेटी खालच्या पायरीवर आदळली होती. रतन धावत आला, पाठ करून बसला, झाकण उघडलं, बंद केलं. 'काही झालं नाही मॅडम,' म्हणाला होता. 'फोम जाड आहे.'

आणि त्यांनी हसून विषय सोडून दिला होता.

५

मानखुर्दला रतनच्या घरी दार त्याच्या बायकोने, सुंदराबाईने उघडलं. तिने कुंदाताईंकडे बघितलं, आत बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं तुम्हीच आल्या. तीन आठवडे झाले, धड जेवत नाहीत."

खिडकीपाशी टेबल होतं. वाळूच्या परातीत, जुन्या मऊ लुगड्याच्या घडीवर सतरा नंबरचं अंडं ठेवलं होतं. रतन उभा राहिला. त्याने काही लपवायचा प्रयत्न केला नाही.

"मी पाडलं होतं," कुंदाताई म्हणाल्या.

"हो मॅडम."

"आणि तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"हो." त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुमचा हात मी दिवाळीपासून बघतोय. त्यात अनिरुद्ध सरांनी पत्र लिहिलेलं खंडूने मला सांगितलं होतं. समितीला तडा दिसला असता, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी कार्यक्रम बंद केले असते. तीस वर्षांवर एक तडा भारी पडला असता. मला वाटलं, आठ दिवसांत जोडतो आणि गुपचूप ठेवून देतो. तडा जोडणं मला काय कठीण आहे? तोवर दुसरं हवं म्हणून ते केलं."

"मग जोडलं का नाही? आज तीन आठवडे झाले."

रतनने भिंग त्यांच्या हातात दिलं, दिवा जवळ ओढला आणि अंडं लुगड्यासकट हलकेच त्यांच्याकडे फिरवलं.

कुंदाताई वाकल्या. तळाशी तडा जरा रुंद उघडला होता. तिथे कडेला कवचाची करडी पट्टी दिसत होती, जाड, ओळखीची. तिच्या आत खडक. आणि बोटभर आत, खडकात, दुसरी पट्टी. तशीच करडी, पहिलीला समांतर.

त्यांनी भिंग पुसून पुन्हा बघितलं.

"एकात एक," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. अंड्याच्या आत अंडं. पक्ष्यांमध्ये क्वचित होतं. तयार झालेलं अंडं शरीरात मागे सरकतं आणि त्याच्यावर पुन्हा कवच चढतं. तीस वर्षं त्या हे अंडं हातात घेऊन मुलांना गोष्ट सांगत होत्या, आणि अंड्याची खरी गोष्ट आत बंद होती.

"जोडायला बसलो पहिल्या दिवशी," रतन म्हणाला. "डिंकाचा थेंब सुईवर घेतला होता. तेवढ्यात हे दिसलं. जोडलं तर पुन्हा कोणाला दिसणार नाही. दाखवलं तर तडा कुठून आला ते सांगावं लागणार. रोज सकाळी इथे बसतो मॅडम. डिंक घेतो आणि ठेवून देतो. काल फोन केला तेव्हा सगळं सांगणार होतो, पण जीभ रेटली नाही."

सुंदराबाईने चहा आणून ठेवला. कुंदाताईंनी तो डाव्या हाताने उचलला आणि पहिल्यांदाच, उजवा हात मांडीवर तसाच मोकळा राहू दिला.

"रतन," त्या म्हणाल्या, "माझे सत्तावीस शोधनिबंध आहेत. प्रत्येकाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, श्री. रतन वानखडे यांच्या सहकार्याबद्दल आभारी आहे. मला वाटायचं, मी फार व्यवस्थित माणूस आहे, आभार मानायला कधी विसरत नाही."

"मॅडम, ते असतंच तसं."

"असतं. पण हा शोध तुमचा आहे. तडा माझा, शोध तुमचा. गुरुवारी दोन्ही गोष्टी मी याच क्रमाने सांगणार."

"तुमचे कार्यक्रम बंद होतील."

"बघू."

६

गुरुवारी समितीचे तीन जण आले. कुंदाताईंनी टेबलावर दोन्ही अंडी शेजारीशेजारी ठेवली आणि पायरी, पट्टा, हाताची पकड, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. अध्यक्षबाईंनी कडक शब्दांत कानउघाडणी केली आणि ती बरोबरच होती. सतरा नंबर यापुढे काचेत राहील, कुंदाताईंच्या नावावरून ते काढलं जाईल, असं त्यांनी लिहून घेतलं. मग कुंदाताईंनी रतनला भिंग द्यायला सांगितलं. अध्यक्षबाई तड्यावर वाकल्या त्या दहा मिनिटं वर आल्याच नाहीत.

अनिरुद्धने त्याच संध्याकाळी नोव्हेंबरचे सगळे फोटो रतनला दिले आणि निबंधासाठी लागतील तेवढ्या आकृत्या स्वतः काढून देईन म्हणाला. जाताना तो कुंदाताईंपाशी घुटमळला.

"ते पत्र, मॅडम..."

"चुकीचं नव्हतं रे. फक्त मला सांगायला हवं होतंस."

"हो."

"मीही माझ्या हाताचं कोणाला सांगितलं नव्हतं. फिटलं."

निबंध मे महिन्यात स्वीकारला गेला. पहिलं नाव रतन वानखडे, दुसरं कुंदा धुरी, तिसरं अनिरुद्धचं. शेवटी आभारांत हर्षद होता, विद्याधर सामंत होते, खंडू होता, आणि स्पर्शाने प्रतिकृती ओळखणाऱ्या श्रीमती रुक्मिणी कुडतरकर होत्या. हर्षदने नवीन साचा करून सहा प्रतिकृती दिल्या. या वेळी खाचा भरू दिल्या नाहीत. त्यांतली पहिली रुक्मिणीताईंनी तपासली, दोन दोष काढले आणि मग पास केली.

पहिला कार्यक्रम जूनमध्ये मानखुर्दला, रतनच्या वस्तीतल्या सभागृहात झाला. बोलणार होता रतन. आयुष्यात तो कधी माइकसमोर उभा राहिला नव्हता. सुरुवातीची पाच मिनिटं त्याचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जाईना. मग त्याने खिशातून सुई काढली, अकरा महिने एका दगडाशी कसं बोलावं लागतं ते सांगायला लागला आणि सभागृह त्याचं झालं. कुंदाताई मागच्या रांगेत सुंदराबाईशेजारी बसल्या होत्या. उजव्या मनगटाला डॉक्टरांनी दिलेला पट्टा होता. सगळीकडे हातांतून अंडी फिरत होती. आपण इतकी वर्षं ज्या बाजूने हे बघत आलो, ती बाजू आज दुसऱ्या कोणाची आहे, याचं त्यांना फार बरं वाटत होतं.

प्रश्नांच्या वेळी एक रिक्षावाले काका उभे राहिले. "वानखडे साहेब, एवढं जपलं म्हणता तुम्ही. मग ते अंडं फोडलं कोणी?"

रतन अडखळला. तो पाणी प्यायला. "ते असं झालं की... पेटी जरा..."

मागच्या रांगेतून कुंदाताई उठल्या. पट्टा बांधलेला हात त्यांनी वर केला.

"मी," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. सुंदराबाई हसली आणि तिच्यामागून अख्खं सभागृह. रतनने माइक नीट हातात धरला.

"या मॅडम," तो म्हणाला. "पुढे या. खुर्ची देतो."